वल्ह्याच्या मुठीवर दातांची खूण

"दम धरा, पाण्याला बोलू द्या."

हे अक्काचं पालुपद होतं. चुलीवर दूध वर यायला लागलं तरी हेच. दोन बोटवाले एकमेकांची गचांडी धरून धक्क्यावर उभे राहिले तरी हेच. धाकट्या भावाची मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, घरातली माणसं काळजीनं अर्धी झाली, तेव्हाही अक्का पोरीच्या केसांवरून हात फिरवत एवढंच म्हणाली. पोर पुढे बोलायला लागली ती आजतागायत थांबलेली नाही. यात पाणी कुठून आलं असं कुणी विचारलं, तर अक्का म्हणायची, "पाणी सगळ्यातच असतं. तुम्हाला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

अक्का सरकारच्या मत्स्यखात्यात पहारेकरीण होती. नवरा शिंपी, जन्माचा अबोल. घर खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी टोकाला, दोन खोल्यांचं. एका खोलीत शिवणयंत्र, दुसरीत चूल आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं एक जुनं लांब वल्हं. पाहुणा पहिल्यांदा आला की त्या वल्ह्याला अडखळायचाच, आणि अक्का पाहुण्याला लागलं का हे न बघता आधी वल्ह्याला हात लावून बघायची.

या वल्ह्यावर अख्खी खाडी चालायची म्हटलं तर खोटं वाटेल, पण तसंच होतं.

खाडीच्या तोंडाशी दोन पिवळे बोये बांधलेले आहेत. थंडी सरत आली की त्या बोयांच्या आतल्या पाण्यात एक मासा अंडी घालायला येतो. त्याला सगळे ढोल्या म्हणतात, कारण तो पाण्याखाली ढोल वाजवल्यासारखा आवाज करतो. मासा मुका असतो असं शाळेतल्या पुस्तकात असेल. या खाडीवर तसं म्हणायची कुणाची छाती नाही. ढोल्या बोलतो, आणि थव्यानं बोलतो. तो आला की खात्याच्या नियमाप्रमाणे बोयांच्या आत जाळं टाकायला बंदी. अंडी घालून गेला की बंदी उठते. आता मासा काही पंचांग बघून येत नाही. कधी लवकर येतो, कधी लांबवतो. म्हणून तो आला की नाही हे कुणीतरी ऐकायचं आणि खात्याला सांगायचं, असं ठरलेलं. ते कुणीतरी म्हणजे अक्का.

ऐकायची रीत तिच्या बापाची. इंजिन नसलेली लहान होडी बोयांपर्यंत वल्हवत न्यायची. मग वल्ह्याचं पातं सरळ खाली पाण्यात सोडायचं, वरची मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. पाण्यातला आवाज लाकडातून चढतो आणि कानात येतो. अक्का परत येऊन धक्क्यावर उभी राहायची. मासा आला असेल तर खांबावर लाल कापड, नसेल तर हिरवं. दोन्ही कापडं तिच्या नवऱ्यानं शिवलेली, कडांना दुहेरी टीप घालून. बोटवाले खांबाकडे बघायचे आणि त्याप्रमाणे वागायचे. कुरकुर करायचे, पण वागायचे.

बापानं हे तिला शिकवलं ते अभिमानानं नव्हे, पश्चात्तापानं. तो तरुण असताना ढोल्याचा आवाज पहिल्यांदा यायचा तो त्याच्याच कानावर. एका वर्षी त्यानं ऐकलं, धक्क्यावर येऊन सगळ्यांना सांगितलं, आणि होत्या नव्हत्या तेवढ्या बोटी आत घुसल्या. मासे गाबोळीनं, म्हणजे पोटातल्या अंड्यांनी भरलेले, जड, सुस्त. जाळी वर ओढवेनात. धक्क्यावर गुडघाभर मासा पडला. एवढा मासा घेणार कोण? दोन दिवसांत वास सुटला, आणि शेवटी खड्डे खणून पुरावा लागला. पुरताना पोटं फुटून गाबोळी बाहेर येत होती आणि फावड्याला चिकटत होती. पुढच्या वर्षी बापानं वल्हं पाण्यात सोडलं, तर खाली काही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

अक्का तेव्हा एवढीशी. बाप तिला होडीत बसवून न्यायचा आणि तिच्याही कानाला मूठ लावायचा. ती म्हणायची, "बाबा, वल्हं बिघडलंय."

बाप म्हणायचा, "वल्हं बरं आहे."

एवढंच बोलणं व्हायचं. तिचं अख्खं लहानपण असं शांत पाणी ऐकण्यात गेलं.

मग सरकारनं खाडीचा तो भाग पुरता बंद केला, आणि पहाऱ्याला माणसं घ्यायला सुरुवात केली. बाप म्हणाला, तू जा. ती गेली. बोटवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्यातलीच पोर आपल्यावर पहारा करणार म्हणजे काय? तिला बघितलं की म्हणायचे, "आली बघा सरकारची सून." ती म्हणायची, "सून आहे तर सासरचं राखणारच ना." 

किती थंड्या गेल्या. आणि एका संध्याकाळी वल्ह्यातून एक आवाज आला. एकच. आंधळ्या माणसानं भिंत चाचपत यावं तसा, थांबून थांबून. अक्का सांगायची, "मला आधी वाटलं माझंच काळीज आहे. मग मी श्वास धरला. काळीज एकीकडे वाजत होतं आणि तो दुसरीकडे." पुढच्या वर्षी दहा-वीस आले असतील, मग शेकडो, तेव्हा खात्यानं पुरती बंदी उठवून ती ढोल्याच्या दिवसांपुरतीच ठेवली. बाप जायच्या आधीच्या वर्षी तिनं त्याला होडीत बसवून नेलं. त्यानं बराच वेळ ऐकलं. मग मूठ तिच्या हातात दिली आणि परत येईपर्यंत पाण्याकडे पाठ करून बसला, कारण रडताना त्याला पाण्यानं बघायला नको होतं.

धाकटा भाऊ हे सगळं ऐकूनच मोठा झाला. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी अक्कासाठी तो बाळ्याच. त्याची स्वतःची बोट होती, घेराचं मोठं जाळं होतं, आठ माणसं त्याच्या शब्दावर चालत. पण अक्कासमोर त्याचा शब्द ओठातच राहायचा. एकदा तिनं त्याचंच जाळं जप्त केलं होतं. खात्याची लाकडी मापपट्टी जाळ्याच्या डोळ्यातून पलीकडे जायला हवी, ती गेली नाही. डोळा बारीक, म्हणजे पिल्लंही अडकणार. धक्क्यावर सगळ्यांदेखत तिनं जाळं गुंडाळायला लावलं, आणि त्याच संध्याकाळी भावाच्या घरी जेवायला येऊन बसली.

"लाज नाही वाटत?" बाळ्या म्हणाला.

"जाळं खात्यानं नेलं, भूक माझी आहे," अक्का म्हणाली. "वाढ गं, हा उपाशी बसला तर बसू दे."

भावजय तोंडाला पदर लावून हसली होती. ती नणंदेला वन्सं म्हणायची, आणि नवऱ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकायची.

अशी ही अक्का. आवाज असा की धक्क्यावरून हाक मारली तर बोयांपाशी माणूस दचकावा. पण गेल्या दोन-तीन वर्षांत तो आवाज खाली आला होता. हळू, मऊ बोलायची. लोक म्हणायचे, वय झालं की माणूस पिकतं, गोड होतं. भावजयीनं कुरकुरीत काही तळलं तर अक्का ते बाजूला सारायची. "नको गं, डोक्यात दगड फोडल्यासारखं होतं." दात हलत असतील, असं घरच्यांना वाटलं.

आणि गेल्या वर्षी तिनं खात्यात कळवलं होतं की ढोल्या उशिरा आला आणि कमी आला. खात्याच्या साहेबासमोर सांगताना तिचा चेहरा काळवंडला होता. बापाच्या वेळचं ते शांत पाणी परत येतंय की काय, ही भीती तिला लागली होती. तिनं ते फक्त बाळ्याला सांगितलं. "कमी होतायत रे. मी एवढी खाडी राखली, तरी."

साहेब भला माणूस. समुद्रावर माशांचा अभ्यास करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि लाटेवर बसला की अजूनही पोटात ढवळायचं, हे तो स्वतःच हसत सांगायचा. मासा बोलतो कसा, हे अक्काला त्यानंच समजावलं होतं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर एक स्नायू भराभर थरथरतो. वाजवणारा सगळा नर, आणि ऐकून येणारी मादी. म्हणजे नर मादीला बोलावत असतो. हे अक्काच्या डोक्यात दोन दिवस घोळत राहिलं. मग साहेबाला म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या लग्नाचं बोलावणं चोरून ऐकत होते." पाण्यात बुडवून ठेवायचा एक मायक्रोफोनही खात्यानं पाठवला होता. त्याची वायर कुणाच्या तरी बोटीच्या पंख्यात गुंडाळून तुटली. तो दुरुस्तीला गेला, आणि साहेबाला विचारलं की "येतोय" म्हणायचा.

यंदा थंडी सरत आली. अक्का दुपारी होडी घेऊन गेली, बोयांपाशी वल्हं सोडून बसली आणि परत आली. खांबावर हिरवं कापड चढलं. "अजून आलेले नाहीत," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हलका होता की पुढच्या माणसांनी तो मागे पोहोचवला. उद्या दुपारच्या भरतीला बोयांच्या आत जायचं, असं बोटवाल्यांनी ठरवलं. बांगड्याचा एक थवा आत शिरलाय अशी बातमी होतीच.

त्या संध्याकाळी बाळ्या बोटीचा नांगर बघायला लहान होडीतून गेला. बोट बोयांपासून फार लांब नव्हती. नांगर बघून झाला, आणि हात काही काम उरलं नाही म्हणून करतात तसं त्यानं वल्हं पाण्यात सरळ सोडलं आणि मूठ कानाला लावली. लहानपणची खोड, दुसरं काही नाही.

त्यानं मूठ झटकन बाजूला केली. मग पुन्हा लावली.

खाली जत्थेच्या जत्थे वाजत होते. एक आवाज वेगळा काढावा असं काही नव्हतंच. जमीन हादरते तेव्हा कुठला दगड हादरला हे सांगता येतं का? तळापासून उठणारी एक सलग घुमघुम लाकडातून त्याच्या जबड्यात, जबड्यातून मानेत, मानेतून छातीत उतरली. त्याला वाटलं, खाडी म्हणजे एक मोठं जनावर आहे आणि आपण त्याच्या कुशीवर होडी टेकवून बसलोय. वर पाणी तसंच होतं. एक पक्षी बोयावर बसला होता. वर बघणाऱ्याला काहीही कळलं नसतं. या पातळ पाण्याखाली एवढं मोठं काही चाललेलं असतं आणि आपण त्यावरून बोटी हाकत जातो, या विचारानं तो इतका चिमूटभर झाला की त्याला हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते कळेना.

मग दुसरा विचार आला. अक्काला हे ऐकू आलं नाही.

आणि त्याच्या पाठोपाठ तिसरा, जो यायला नको होता. खांबावर हिरवं कापड आहे. उद्या आत जाणं नियमानं आहे. सगळे बांगड्याच्या मागे जातील. ढोल्या नेमका कुठे आहे हे या खाडीत आज फक्त बाळ्याला माहीत आहे. घेराचं जाळं एकदा टाकलं, तर आयुष्यात ओढलं नसेल असं ओढणं होईल. त्याला कुणी बोल लावू शकणार नाही. बोल लागला तर अक्काला.

तो घरी आला तेव्हा बायकोनं विचारलं, "अहो, चेहरा का असा?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि पानावर बसून घास चिवडत राहिला.

सकाळी उठून तो अक्काकडे गेला. कदाचित मासा तिच्या मागून आला असेल, दुपारी नसेल आणि संध्याकाळी आला असेल, अशी एक पळवाट त्यानं मनात धरून ठेवली होती. अक्का दाराकडे पाठ करून वल्ह्याची मूठ तेलानं पुसत होती. शिंपी यंत्रावर वाकलेला.

"अक्का," बाळ्या दारातून म्हणाला.

ती पुसत राहिली.

"अक्का." तो दोन पावलं आत आला. त्याचा आवाज मुळातच जाड, खर्जातला. ती पुसत राहिली. शिंप्यानं मान वर केली, बायकोकडे बघितलं, मग मेव्हण्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून बाळ्याला कळलं की या माणसालाही आत्ताच कळतंय. ज्या घरात एक बोलतच नाही, त्या घरात दुसऱ्याला ऐकू येत नाही हे कळणार कधी?

रस्त्यावरून कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. बारीक, टोकदार. अक्कानं लगेच वळून बघितलं. "अरे बाळ्या, भुतासारखा काय उभा राहतोस? बस."

तो बसला. आता त्याला सगळं एकामागे एक दिसायला लागलं. तिचं हळू बोलणं. बाजूला सारलेली ताटली. बारीक आवाज येतो आणि जाड आवाज वाटेतच कुठेतरी राहतो. मग ढोल्याचा तर सगळ्यात जाड. मासा कमी झाला नव्हता. अक्का त्याच्यापासून लांब लांब जात होती, आणि तिला वाटत होतं तोच लांब चाललाय.

 बाहेर धक्क्यावर त्याची माणसं जाळं बोटीवर चढवत होती. त्यांचं हो-हो इथवर येत होतं. थोडा वेळ गप्प बसलास तर पुरे आहे, असं ते म्हणत असल्यासारखं वाटलं.

"अक्का," तो मोठ्यानं म्हणाला, "चल, मला परत एकदा ऐकायचंय. मला ने."

"आज कसं सुचलं?"

"सुचलं."

"मी कामावर आहे. बोटवाल्याच्या होडीत बसता येत नाही मला."

"मग मी तुझ्या होडीत बसतो. सरकारची सून आहेस, भावाला एक फेरी मारून आण."

ती हसली. दोघं निघाली. तीच वल्हवत होती; या वयातही तिची ओढ अशी की पाण्यावर सुरकुती पडत नव्हती. बोयांपाशी तिनं वल्हं सरळ सोडलं, कान लावला, डोळे मिटले. बाळ्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिथे काहीच हललं नाही. तिनं मूठ त्याच्याकडे केली. "नाहीत अजून."

त्यानं कान लावला. खाली तेच. काल संध्याकाळच्यापेक्षा थोडं झोपाळलेलं, पण तेच, अथांग.

"अक्का," तो तिच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "मूठ दातात धर."

"काय?"

"दातात धर. चाव तिला."

"वेड लागलंय का तुला? बाबांचं वल्हं आहे ते."

"कुरकुरीत खाल्लं की डोक्यात दगड फुटतात म्हणतेस ना? मग दातातून जातं ते तुला ऐकू येतं. धर. माझ्यासाठी धर."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग काय समजायचं ते समजली असावी, कारण तिचा रंग उतरला. तिनं पदरानं मूठ पुसली, आणि लहान मूल मोठा घास घेतं तसं तोंड उघडून ती दातात धरली.

आधी काही नाही. मग तिचे खांदे वर आले. डोळे एकदम उघडले, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते बाळ्यानं आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. जणू एखाद्या बंद घराचं दार ढकललं, आणि आत सगळी गेलेली माणसं दिवे लावून जेवायला बसलेली दिसली. तिनं मूठ सोडली नाही. गालांवरून पाणी ओघळून वल्ह्यावर उतरलं आणि लाकडाच्या कडेनं खाली खाडीत गेलं. बराच वेळ गेला. होडी आपोआप हळूहळू फिरत होती, धक्का एकदा उजवीकडे दिसायचा, एकदा डावीकडे.

शेवटी तिनं तोंड उघडलं. "कमी नाही झाले रे," ती म्हणाली. "बाळ्या, कमी नाही झाले. कधीच नव्हते एवढे आहेत."

"हो."

"मीच कमी झाले."



ती मुठीवरची दातांची खूण अंगठ्यानं चाचपत राहिली. मग तिनं विचारलं, "तू कधी ऐकलंस?"

"काल संध्याकाळी."

"आणि आज सांगतोस?"

त्यानं मान खाली घातली.  तिनं वल्हं फिरवलं आणि होडी धक्क्याकडे घातली. या वेळी मात्र पाण्यावर सुरकुत्या पडल्या.

भरती चढायला लागली होती. बोटींची इंजिनं एकेक करून सुरू होत होती, धूर पाण्यावर पसरला होता. अक्का धक्क्याच्या पायऱ्या चढून खांबापाशी गेली, हिरवं कापड उतरवलं आणि लाल चढवलं.

बोटवाल्यांत एक होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं. तो बोटीच्या टोकावर उभा राहून ओरडला, "अक्का, हे काय? काल हिरवं, आज लाल. कालचं पाणी वेगळं होतं का?"

"पाणी तेच होतं," अक्का म्हणाली. तिला पुरेशा मोठ्यानं बोलता येईना, म्हणून ती धक्क्याच्या कडेपर्यंत आली. "माझा कान गेलाय. काल मी चुकीचं सांगितलं. गेल्या वर्षीही चुकीचंच सांगितलं. ढोल्या आत आहे."

इंजिनांच्या आवाजात हे मागच्यांपर्यंत गेलं नाही. पुढच्यांनी मागे सांगितलं, आणि एकदम गलका उठला. कुणी म्हणालं, कान गेला तर आज कसं कळलं? कुणी म्हणालं, बर्फ भरलाय, माणसं उभी आहेत, आता परत फिरायचं? रेडिओ म्हणाला, "बहिरीनं सांगायचं आणि आम्ही घरी जायचं? वा रे खातं."

साहेब कचेरीतून धावत आला होता. त्यानं काही विचारायच्या आधीच अक्का म्हणाली, "साहेब, नोंद करा. चूक माझी आहे." साहेबानं तिच्याकडे बघितलं, मग लाल कापडाकडे. "कापड चढलंय," तो सगळ्यांना म्हणाला, "म्हणजे बंदी लागली. बाकीचं आपण नंतर बोलू." पण त्याचा आवाजही इंजिनांत बुडाला, आणि पुढच्या दोन बोटी सुटल्या.

तेव्हा बाळ्यानं आपल्या बोटीवर उडी मारली. त्याच्या माणसांना वाटलं, निघायचं. त्यानं इंजिन बंद केलं. मग बोटीवरचं लांब वल्हं काढलं, काठावरून सरळ पाण्यात सोडलं आणि कान लावून बसला.  त्याच्या आठ माणसांनी एकमेकांकडे बघितलं. एकानं पुढे होऊन कान लावला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"काय रे?" शेजारच्या बोटीवरून विचारलं. त्यानं नुसता हात हलवला, गप्प बस म्हणून.

शेजारच्यानं इंजिन बंद केलं. इथवर येईल का आवाज, म्हणत वल्हं सोडलं. लांबून, पण येत होता. मग त्याच्या पलीकडच्यानं. पुढे गेलेल्या दोन बोटींतली एक बोयांच्या जवळच थांबली आणि तिचंही इंजिन थंड झालं, मग दुसरीचंही. धूर विरला. एकेक आवाज गळत गेला, आणि खाडीवर अशी शांतता पडली की बोटींच्या कुशीवर पाणी टपटपतं ते धक्क्यावर ऐकू यायला लागलं. जिकडे बघावं तिकडे मोठमोठी माणसं, रापलेली, शिव्या देणारी, वल्ह्याच्या मुठीला कान लावून डोळे मिटून बसलेली.

रेडिओ सगळ्यात शेवटी बसला. "मला काही ऐकू येत नाही," म्हणाला. मग गप्प झाला. बऱ्याच वेळानं उठला तेव्हा त्याला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. त्यानं तोंड उघडलं, समोरच्याकडे बघितलं, आणि निमूटपणे जाळं बोटीवरून उतरवायला लागला. खाडीच्या आठवणीत तो एवढा वेळ गप्प राहिलेला कुणी बघितला नव्हता.

साहेब धक्क्यावर उकिडवा बसला होता. अक्का त्याच्याजवळ गेली.

"आता वर कळवावं लागेल," तो म्हणाला. "कान तपासायला डॉक्टरकडे जा. उद्याच."

"ज्याला ऐकू येत नाही त्याला या कामावर ठेवत नाहीत, मला माहीत आहे."

"डॉक्टर काय म्हणतो ते बघू."

डॉक्टर काय म्हणाला ते पुढे कळलं. आयुष्यभर थंड पाणी आणि वारा कानात जाऊन आतलं हाड वाढलं होतं. वाट बुजली होती, आतलं घर शाबूत होतं; म्हणून स्वतःचा आवाज तिला डोक्यात मोठा वाटायचा आणि ती हळू बोलायची. वाट मोकळी करता येईल, असंही तो म्हणाला होता, पण वेळ लागेल. त्या दुपारी मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी फक्त एवढंच होतं, की अक्कानं पट्ट्यातून खात्याची मापपट्टी काढून साहेबाच्या हातात दिली.

"ही ठेवा. वल्हं माझं आहे."

साहेबानं पट्टी घेतली. "उद्या ऐकणार कोण?" त्यानं विचारलं. "ते गेले हे कळायला हवं ना."

अक्कानं बोटींकडे बघितलं. अजूनही काहीजण मुठीला कान लावून बसलेच होते. "आता सगळ्यांनाच ऐकू आलंय," ती म्हणाली. "तुम्ही बाळ्याला विचारा. त्याला एक रात्र जास्त लागते, पण खरं सांगतो."

बाळ्या बोटीवरून उतरून पायऱ्यांवर आला होता. हे त्याच्या कानावर पडलं, आणि त्याचं तोंड मारल्यासारखं झालं, आणि तरी मान थोडी ताठ झाली.

अक्कानं वल्हं उचललं, खांद्यावर टाकलं आणि धक्क्यावरून निघाली. वल्ह्याचं ओलं पातं मागे हलत होतं आणि दगडांवर थेंब पडत होते. रस्त्याच्या टोकाशी शिंपी येऊन उभा होता. तो काही बोलत नव्हता, पण यंत्र सोडून आला होता.

"अक्का," बाळ्या म्हणाला. आपल्या नेहमीच्या जाड आवाजात, हळू.

ती चालत राहिली. त्यानं पुन्हा हाक मारली नाही. बाकीचे बोटवाले जाळी उतरवत होते, रेडिओही. पायऱ्यांवर बाळ्या एकटाच उभा राहून बघत होता.